अर्धी दाढी आणि घरची कसोटी

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे आणि सध्या माझं डोकं अजिबात चालेनासं झालंय. खुर्चीला कुठलं डोकं, असं म्हणाल. गिऱ्हाइकाची मान टेकायला उशी आहे ना, तेच माझं डोकं समजा. आपला संघ घरच्या मैदानावर हरला, त्यात माझा काय दोष, हे मला कुणीतरी समजावून सांगा. इथे जो तो मलाच नावं ठेवतो.

माझा जन्म हैदराबादचा. लोखंड वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर लाल रेक्झिन चढवलं आणि पोटात तेलाचा पंप बसवला. पायाने पंप मारला की मी ऐटीत वर जायची. मालट्रकमधून मी उदगीरला मकबूलभाईंच्या सलूनमध्ये उतरले, तेव्हा समोरच्या किराणा दुकानातली माणसंसुद्धा मला बघायला आली होती. मकबूलभाई स्वतः आधी बसले, एक गिरकी घेतली आणि म्हणाले, "या अल्ला! हिच्यावर बसलं की माणूस कलेक्टरच वाटायलाय!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कितीतरी नवरदेव माझ्यावर बसून सजले. कितीतरी पोरांनी पहिल्यांदा केस कापताना माझ्यावर भोकाड पसरलं. मी सगळ्यांना सांभाळलं.

सलूनमध्ये टीव्ही होता आणि टीव्हीवर क्रिकेट. त्या काळी घरच्या कसोटीची मजाच वेगळी होती. पाहुणा संघ यायचा, आपले फिरकीवाले चेंडू हातात घ्यायचे आणि पाहुण्यांची दाणादाण उडायची. पाच दिवसांचा खेळ, पण कधीकधी तो तिसऱ्याच दिवशी आटपायचा. बाकावर बसणारे रेवणप्पा तर नाणेफेकीलाच निकाल सांगून मोकळे व्हायचे.

एकदा मात्र आपला संघ हरायला आला होता. नेमका तेव्हा डाळ मिलमध्ये कामाला असलेला किशन दाढीला माझ्यावर बसला, आणि शेवटच्या जोडीने चिवटपणे खेळून सामना काढला. झालं! रेवणप्पांनी जाहीर केलं, "ही खुर्ची लई शुभ हाय." तेव्हापासून आमच्या सलूनचा कायदाच ठरला. मैदानात जोडी जमली की सलूनमध्ये कुणी जागा सोडायची नाही. बसलेला बसूनच राहील, उभा उभाच राहील. एक गृहस्थ चहाचा रिकामा कप धरून जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले होते. हसू नका, खरं सांगतेय.

मग मी म्हातारी झाले. रेक्झिन फाटलं, त्यावर चिकटपट्टी आली. पंपातून तेल गळायला लागलं, त्यामुळे माझ्यावर बसलेला माणूस हळूहळू आपोआप खाली येतो. मकबूलभाईंनी शेजारी नवी काळी खुर्ची आणली आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली. मी फक्त सामन्यापुरती उरले. तेही गोड मानून घेतलं असतं, पण संघालाच काय झालं कोण जाणे! आपलंच मैदान, आपलीच वळणारी खेळपट्टी, आणि तिच्यावर आपलेच फलंदाज गिरक्या खायला लागले. रेवणप्पा खेळपट्टीला शिव्या घालायला लागले, तेव्हा मकबूलभाई म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." पण अंगण तर आपलंच होतं ना? मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

अशाच एका तीन कसोट्यांच्या मालिकेतली पहिली कसोटी आपण हरलो. दुसरीचा शेवटचा दिवस होता आणि ही जिंकणं भागच होतं. सकाळीच किशन आला. त्याच्या मुलीला, दीपालीला, हैदराबादच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. त्या दुपारच्या गाडीने ती निघणार होती. त्यांच्या घरातून एकटं परगावी राहायला जाणारं हे पहिलंच माणूस.

"लवकर उरक मकबूलभाई," किशन सवयीने माझ्यावरच बसत म्हणाला. "मिलमधून रजा घेतलीय. मीच बसवणार हाय तिला गाडीत. खिडकीजवळची जागा धरून देतो. तिच्यादेखत बाप गबाळा दिसू नये."

मकबूलभाईंनी साबण लावला. उजवा गाल झाला आणि तेवढ्यात टीव्हीवर लागोपाठ दोन चौकार गेले.

"हात थांबव!" रेवणप्पा ओरडले. "जोडी जमायली!"

वस्तरा तिथेच थांबला. किशनचा उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर साबण. धावा वाढत गेल्या, साबण वाळत गेला आणि मी इंचाइंचाने खाली बसत गेले. पंप मारायची कुणाची हिंमत नव्हती.

फोन वाजला. "पप्पा, ऑटो आलाय. यायलात ना?"

"हाव माय, आलोच."

"किशन, उठलास तर बघ!" रेवणप्पांनी दम भरला. "जिंकायला आलोय आपण. तू हललास अन् विकेट पडली, तर उदगीरात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई तुला."

थोड्या वेळाने सलूनच्या पायरीखाली दीपाली येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, मागे ऑटो. आमच्या सलूनमध्ये बायाबापड्या येत नाहीत, म्हणून ती बाहेरूनच म्हणाली, "पप्पा, चला ना. उशीर व्हायलाय."

किशनने माझे दोन्ही हात घट्ट धरले. तो अर्धा उठलाही होता. "ए, ए, ए!" सगळं सलून ओरडलं आणि तो पुन्हा बसला.

"थांब माय. एक ओव्हर."

ती थांबली. ती ओव्हर संपली, पुढची सुरू झाली. किशन एकदा टीव्हीकडे बघे, एकदा दाराकडे. मला वाटलं, याला धक्का मारून उठवावं. पण मला खाली जाण्यापलीकडे काही येत नाही हो! इतका जीव कासावीस झाला माझा, सांगता सोय नाही.

शेवटी दीपाली पायरी चढून आत आली. म्हणाली, "राहू द्या पप्पा. जाते मी." वाकून तिने किशनच्या पायांवर डोकं टेकवलं. किशनचा हात तिच्या केसांवर गेला. डोळे मात्र टीव्हीवरच होते. गोलंदाज धावत येत होता.

ऑटो निघून गेला. त्यानंतरच्याच ओव्हरला विकेट पडली. मित्रांनो, कुणीही हललं नव्हतं! किशन माझ्यावरच होता, वस्तरा मकबूलभाईंच्या हातात तसाच होता, रेवणप्पांनी मांडीसुद्धा मोडली नव्हती. तरी पडली. मग दुसरी पडली, तिसरी पडली. किशन एकदम भानावर आला आणि गळ्यातल्या फडक्यासकट स्टेशनकडे पळत सुटला.

तो परत आला तेव्हा टीव्ही बंद झाला होता. सामनाही गेला होता आणि मालिकाही. किशन माझ्यावर येऊन बसला. "शेवटचा डबा दिसला," एवढंच म्हणाला.

"ती पोरगी मधेच आत आली ना, तिथंच..." रेवणप्पा बोलायला गेले.

"बस कर रेवणप्पा!" मकबूलभाई कडाडले. त्यांचा एवढा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि किशनच्या डाव्या गालावर नव्याने साबण लावायला घेतला.

वस्तरा फिरत असताना फोन वाजला. किशनने तो आरशापुढच्या फळीवर ठेवून स्पीकर लावला.

"पप्पा, बसले मी गाडीत. मॅचचं काय झालं?"

किशनने बंद टीव्हीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "जिंकलो माय."

पलीकडून गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"मग बरं झालं," दीपाली म्हणाली. "तुम्ही उठला न्हाईत, ते बरंच केलंत."

आता तुम्हीच सांगा. तिच्या हातात फोन होता. डब्यातही कुणी ना कुणी स्कोअर बघत असणारच. तिला ठाऊक नसेल का? मग ती असं का म्हणाली? आणि कधी खोटं न बोलणारा किशन खोटं का बोलला? मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मकबूलभाई वस्तरा पुसत होते, रेवणप्पा जमिनीकडे बघत बसले होते, आणि किशनच्या गालावरचं पाणी काही सगळं साबणाचं नव्हतं.

तेव्हापासून मी पनवती ठरले. कुणी म्हणे भंगारात द्या, कुणी म्हणे निदान सामन्याच्या दिवशी बाहेर ठेवा. मकबूलभाईंनी ऐकलं नाही, म्हणून मी अजून इथे आहे.

तिसरी कसोटी लागली. आता फक्त लाज राखायची होती. त्या दिवशी किशन पिशवी घेऊनच दाढीला आला. मुलीला भेटायला हैदराबादला निघाला होता. आणि नशीब बघा, तो माझ्यावर बसला अन् आपली जोडी जमली. अशी जमली की चेंडू नुसता सीमेकडे पळत होता. मकबूलभाईंचा वस्तरा चालूच होता, पण बाकी सलून श्वास रोखून बसलं होतं. दाढी संपली. आता हा उठणार की नाही?

"ऊठ किशन," रेवणप्पाच बोलले. स्वतः बाकावरून उठले, त्याची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "गाडी चुकंल. पोरगी वाट बघत असंल."

किशन उठला. दारापर्यंत त्याला पोचवायला सगळेच उठले. त्या चेंडूवर काय झालं, मला सांगता येणार नाही, कारण टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मित्रांनो, तो चेंडू का वळतो, आपला संघ घरीच का अडखळतो, हे मला खरंच समजत नाही. माझं रेक्झिन शिवा, पंपात तेल घाला, असंही मी म्हणत नाही. एवढंच मागते, की जिंकण्या-हरण्याचं ओझं माझ्या फाटक्या गादीवर टाकू नका. मी खुर्ची आहे, मला माणसाला बसवता येतं, उठवता येत नाही. दारात आपलं माणूस ताटकळत असेल, तर तुमचं तुम्हीच उठा.