कबुलीचा रस्सा

“काका, मसाला कधी टाकणार? मला आधी वास घ्यायचाय.”

गीतांजली वही उघडून माझ्या खांद्यामागे उभी होती. मी पातेल्यात डाव फिरवला.

“घाई नको करू बाई. मटन अजून लाजून राहिलं.”

तिनं ते लिहून घेतलं. आईशप्पथ, लिहून घेतलं! दहा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. मग मला राहवेना.

“एक गुपित सांगू का? कोनाले सांगू नको. यात अहिवाऱ्याची चुनखडी जाते. खाणीतली. चिमूटभर कापडात बांधून सोडाची. हाडं नरम येतात.”

“लाइमस्टोन!” पोरीचे डोळे चमकले. “या बागेची मातीपण तशीच आहे ना? मग त्याला शोभेल अशीच वाईन लावावी लागेल.”

“लाव बापा,” मी गंभीर तोंड करून म्हणालो. गंभीर तोंड करण्यात भिलाईत माझा हात कोणी धरणार नाही.

पोरगी नाशिकची. वाईनचा घोट तोंडात घोळवायचा, आभाळाकडे बघायचं आणि कुठल्या जेवणाबरोबर कुठली बाटली उघडायची ते सांगायचं, हे तिचं काम. तिला बोलावलं होतं आमच्या भैय्याजींनी. भैय्याजी म्हणजे आमच्या स्टील प्लांटमधले रिटायर्ड अफसर. लोक म्हणाले धान लावा, तर यांनी अहिवाऱ्याच्या रस्त्यावर दोन एकर द्राक्षं लावली. अशी आंबट, की मैना एक दाणा खाते आणि शेजारच्या बोरीवर जाऊन बसते. म्हणून वाईनपण नाशिकहूनच आणलेली. पण हौस मोठी. आज बागेत ‘रस्सा आणि वाईन’ असा कार्यक्रम, तीस पाहुणे. आणि फाटकावर, मला न विचारता, पाटी रंगवून लावलेली: ‘कांतावहिनींचा काळा रस्सा’.

कांता माझी बायको. मागच्या चैत्रात तिनं वर्षाचा मसाला भाजला आणि जेठ महिन्यात ती गेली.

तो मसाला बरणीत होता. बरणी पेपरात गुंडाळून मी सोबत आणली होती, चुलीशेजारच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. आत किती उरलाय ते मात्र कोणाला दिसत नव्हतं. चार चमचे. पेपर त्यासाठीच.

भैय्याजी आले. डोक्यावर हॅट, पायात कोल्हापुरी.

“भाऊराव, वहिनींचाच मसाला ना?”

“मंग का बाजारचा टाकीन? काहून असं बोलता भैय्याजी!”

त्यांच्या डोळ्यांदेखत मी बरणीत चमचा घातला, काढला, पातेल्यावर झटकला. असं चारदा. चमचा चारही वेळा रिकामा होता. पोरगी बाटल्या लावायला गेली तेव्हाच आमच्या रिसालीच्या दुकानातली मसाल्याची चार पाकिटं पातेल्यात गेली होती, आणि पाकिटांचे कागद चुलीत.

कांताचे चार चमचे मी तीस अनोळखी तोंडांत कसे घालणार होतो? रोज ड्यूटीवरून आलो की मी फक्त झाकण उघडतो. दगडफूल, जवस, भाजलेलं खोबरं. एक श्वास घेतो आणि झाकण लावतो. लेक पराग हैदराबादहून फोन करून विचारतो, “बाबा, खाना खाया?” मी म्हणतो, “खाल्लं.” तेवढंच आमचं बोलणं. बाकी घरात बोलण्यासारखं त्या बरणीशिवाय काही नाही.

पाहुणे आले. दुर्गचे दोन डॉक्टर, बोरसीचा एक वकील, प्लांटचे साहेब, त्यांच्या बायका. द्राक्षांच्या मांडवाखाली टेबलं. मी वाढत फिरलो. गीतांजली पेला उंच धरून सांगत होती, “या रश्श्यात इथली चुनखडी आहे. वाईनमध्येही तिचा खारटपणा जाणवेल.” डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, “हां, हां, जाणवतोय!” वकीलसाहेबांनाही जाणवला. मी पोळ्यांच्या टोपलीत तोंड खुपसून हसलो.

मग भैय्याजी उठले, हातात पेला.

“या चवीसाठी मी आयुष्यभर या माणसाच्या खोड्या सोसल्या,” ते म्हणाले. “हीच. वहिनींच्या हातची. हीच चव.”

टाळ्या. फत्ते! माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गंमत. मी डावीकडे वळून डोळा मारला.

डावीकडे पाण्याचा पिंप होता.

लग्नाला सत्तावीस वर्षं, आणि अशा वेळी ती कायम डावीकडे उभी असायची. पदर तोंडाला लावून, डोळे वटारून. खोड्या माझ्या, भोग तिचे. भैय्याजी आमचे साहेब होते तेव्हा मी त्यांचा उजवा सेफ्टी बूट पळवून त्या जागी डावा ठेवला होता. माणूस अर्धी शिफ्ट दोन डाव्या बुटांत फिरला! एकदा गल्लीत उठवून दिलं, की दोन दिवस नळ बंद. लोकांनी बादल्या, घमेली, वाट्यासुद्धा भरल्या. कांताचा नियम एकच होता. ज्याची खोड काढली त्याच्याकडं दिवेलागणीच्या आत जायचं, आणि हात हलवत नाही जायचं. ती रस्सा करायची, कडीच्या डब्यात भरायची, मला पुढं घालून दार वाजवायची. “घ्या भाऊजी. याची कबुली.” नळाच्या वेळी अकरा घरं झाली. बाराव्या, म्हणजे आमच्या घरात आम्ही दोघांनी चटणी-भाकर खाल्ली.

आता तीस माणसं पोट भरून घरी जाणार होती. सांगणार होती, कांतावहिनीचा रस्सा खाल्ला बुवा, चांगला होता. आणि तो पाकिटाचा होता. ज्या बाईनं जवस वेगळं, धने वेगळे, खोबरं वेगळं भाजलं, करपलं तर फेकून पुन्हा भाजलं, तिच्या नावावर मी चार पाकिटं फोडली होती. पकडणारं कोणी नव्हतं. भैय्याजींनीसुद्धा नाही पकडलं.

पाहुणे बाग बघायला गेले. उन्हं मांडवाच्या पलीकडे उतरली होती. मी पिंपामागं बसून राहिलो. मग उठलो.

मसाल्याआधी वेगळं काढलेलं पावशेर शिजलं मटण होतं, माझ्या रात्रीच्या डब्यासाठी. चुलीत निखारे होते. बरणीचा पेपर काढला. चार चमचे टाकले, मग बरणी उलटी करून बुडावर थापट्या मारल्या.

वास उठला. मी धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं. बघायला कोणी नव्हतं, तरी केलं.

बघायला होतं. गीतांजली बाटल्या आवरता आवरता थांबली होती.

“काका, हा... हा सकाळचा नाही.”

“नाही.”

“चुनखडी?”

“ते बी नाही. बाई, मले माफ कर. मी हलकट माणूस हाय.”

ती रागवेल असं वाटलं. ती चुलीजवळ बसली. मी वाटीत चमचाभर दिला. तिनं घोळवलं नाही, आभाळाकडे बघितलं नाही. नुसतं गिळलं.

“याच्यासोबत कोणती लावशील?” मी विचारलं.

“काहीच नाही,” ती म्हणाली. “पाणी द्या.”

तिनं वही काढली आणि सकाळचं पान फाडून चुलीत घातलं.

मी डबा भरला. तोच, कडीचा. भैय्याजी बांधावर एकटेच बसले होते, पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ बघत. मी समोर उभा राहिलो. ‘घ्या भाऊजी’ म्हणायची सवय मला नव्हती, ते तिचं वाक्य. मी नुसता डबा पुढं केला.

“पोट भरलं रे माझं.”

“एक घास घ्या.”

त्यांनी झाकण काढलं. एक घास घेतला. चावता चावता थांबले. मग वर बघितलं ते एकदम जुन्या साहेबांसारखं, भुवया जोडून.

“भाऊराव,” ते म्हणाले, “काय केलं तू आज?”

मी डब्याकडं बोट केलं.

“बदमाशा,” ते हळूच म्हणाले. “मघाशी मलेच काही समजलं नाही, म्हातारा झालो. मी उठून भाषण ठोकलं ना बे!”

“ठोकलं.”

“आनि तू हसला असशील.”

“पोळ्यांच्या टोपल्यात.”

त्यांनी मला शेजारी बसवलं. डबा दोघांच्या मधे ठेवला. “खा.” मी नको म्हटलं. कबुलीचा रस्सा आपण खायचा नसतो. मग त्यांनी एकट्यानंच खाल्ला. घाई न करता, हाडंसुद्धा चोखून. शेवटी बोटानं डबा पुसला. एवढं पुसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“सगळा संपला का मसाला?”

“हो.”

ते उठले, पिंपावर डबा विसळला. आमच्याकडं असा डबा रिकामा परत देत नाहीत. त्यांनी मांडवावरचा एक घड तोडून आत ठेवला आणि कडी लावली.

रिसालीला पोचलो तेव्हा समोरच्या घरांत दिवे लागत होते. कुलूप उघडलं. डबा ओट्यावर ठेवला, शेजारी बरणी. ती धुतली नाही.

डबा परत आला की कांता हात पुसत विचारायची, “काय म्हनाले?”

मी एक दाणा तोंडात टाकला. आंबट, दात शिवशिवले.

“ओळखलं त्यांनी,” मी मोठ्यानं सांगितलं.

मग दिवा लावला.