रिठ्याचा काढा

वणीजवळच्या एका कारखान्यात कोळशाचा चुरा पाण्यात ढवळून धुतात. फेसाबरोबर कोळसा वर येतो, माती खाली बसते. फेस आणणाऱ्या रसायनानं कामगारांच्या हातांची सालं निघायची. तिथली केमिस्ट गझाला हिनं सहा महिने खपून त्याच्या जागी रिठ्याचा काढा आणला. तो चालला, आणि मालकानं रसायनाचे ड्रम घेणं बंद केलं.

ड्रम पुरवणारा बाबुलाल भर दुपारी तिघांना घेऊन आला. हातात लोखंडी पाइप.

"कोन हाय थे रिठेवाली?"

टाकीवरचा भावसिंग आडवा झाला. "भाऊ, बोलाचं अशीन तं मालकाशी बोला."

पाइप त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गझालाला आत प्रयोगशाळेत ऐकू आला. तो पडला, तरी ते मारतच राहिले. मग ते आत घुसले. काचा फुटल्या, रिठ्याची पोती फाटली. बाबुलालनं गझालाचे केस धरून तिला काढ्याच्या उकळत्या पातेल्याकडे ओढलं.

"पी, तुह्याच हातचं पी!"

वाफेनं तिचा गाल पोळला. हाताला डबा लागला. तिनं तो बुडवला आणि गरम काढा त्याच्या डोळ्यांत फेकला.

बाबुलाल गुरासारखा ओरडला. त्याचे तिघे पळाले. पडलेला पाइप उचलून गझालानं त्याच्या गुडघ्यावर हाणला. पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा तो डोक्यावर उगारला, तेव्हा भावसिंग दाराबाहेर जमिनीवरूनच ओरडला, "बस झालं मॅडम, मरून जाईन थो!"

ती थांबली. मग पाण्याची नळी ओढून ती बाबुलालच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून पाणी सोडत राहिली. तो आईवरून शिव्या देत होता. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती उठली नाही.

बाबुलालचा उजवा डोळा गेला. भावसिंगचा हात आता सरळ होत नाही.

जबाब घेणारा हवालदार दिग्रसचा, तिच्या वडिलांच्या ओळखीचा. हळूच म्हणाला, "पोरी, झटापटीत उडालं असं लिहू काय?"

"नाई काका," गझाला म्हणाली. "म्याच फेकलं. डोये पाहूनच फेकलं. आन् मंग म्याच धुतले. दोन्ही लिहा."