कुलूपबंद अंगणातलं वृंदावन

मित्रांनो, माझ्याजवळ यायचं असेल तर जरा नाक धरूनच या. माझ्या एका बाजूवर गुटख्याची पिंक वाळून काळपट झाली आहे. दिव्याच्या कोनाड्यात विड्यांची थोटकं आहेत. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एके काळी माणसं चपला काढून माझ्यापुढे उभी राहत. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका गल्लीतलं, जुन्या घरापुढचं तुळशीवृंदावन आहे.

माझा जन्म याच अंगणात झाला. घरधनी वसंतराव यांनी बैलगाडीने वैनगंगेची रेती आणली, चांगल्या भाजलेल्या विटा निवडून आणल्या. मिस्त्रीने माझ्या चारही बाजूंना सिमेंटची कमळं काढली. त्यातलं एक बिघडलं. वसंतरावांच्या पत्नी रुख्माबाई ते पाहून पदर तोंडाला लावून हसल्या. "अवो, हे कमळ नाही, फुलगोभी झाली!"

"राहू द्या वहिनी," मिस्त्री म्हणाला, "देवाले गोभी बी चालते."

रुख्माबाईंचा आवाज असा, की शेजारच्या घरातही ऐकू जाऊ नये. पण नेम पक्का. अंघोळ करून ओलेत्याने मला पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं, संध्याकाळी दिवा लावायचा. ताप असला तरी भिंत धरून यायच्या. तुळशीच्या लग्नाला गल्लीतली सारी लेकरं माझ्याभोवती जमत, आणि प्रसादाच्या लाह्या माझ्या मुळाशी सांडत. त्या लाह्या वेचायला चिमण्या येत. मला दुसरं काही नको होतं.

पुढे वसंतराव गेले. मुलगा रवी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नोकरीला. त्याने आईला आपल्या क्वार्टरवर न्यायचं ठरवलं आणि घर विकायला निघालं.

नेमक्या त्याच सुमारास आमच्या गल्लीपलीकडे नवी सरकारी शाळा उभी राहिली. मोठी इमारत, संगणक, खेळायला मैदान. नियम असा, की आधी त्या वॉर्डात राहणाऱ्या लेकरांना प्रवेश, मग जागा उरल्या तर बाहेरच्यांना. उरत कुठल्या! मग काय विचारता? लोक घर पाहायला येऊ लागले, पण घराकडे कुणी पाहीना. चुलीपाशी उजेड येतो का, नळाला पाणी किती वेळ असतं, कुणी विचारलं नाही. जो तो गच्चीवर चढून शाळा किती लांब आहे तेच बघायचा.

आमची गल्ली तेव्हा शाळेच्याच वॉर्डात होती, पण वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखायच्या होत्या. एक जण सांगे, हद्द नाल्यापर्यंतच राहणार. दुसरा सांगे, रस्त्यापर्यंत मागे सरकणार. मागे सरकली तर आमची गल्ली शाळेच्या वॉर्डाबाहेर. रोज नवी बातमी.

घरांचा दलाल शालिकराम याने गिऱ्हाईक आणलं. जवळच्या लालबर्रा गावात राहणारा, तिथेच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा गजेंद्र, त्याची बायको पौर्णिमा आणि पहिलीत जायची मुलगी खुशी.

"हे गल्ली शंभर टक्के आतच राह्यते भाऊ," शालिकराम म्हणाला आणि माझ्या अंगावर पचकन थुंकला. "मी सांगून राह्यलो न!"

"लिहून देता?" गजेंद्रने विचारलं.

"लिहून कोन देते भाऊ आजकाल!"

मित्रांनो, माझ्यावर पडलेला तो पहिला डाग.  लोटाभर पाणी आणून रुख्माबाईंनी मला धुतलं. मग पौर्णिमेचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, एकच मागते. माही तुळस वाळू देऊ नको."

"मी असताना काहून वाळन काकी?" पौर्णिमा म्हणाली, आणि तिने मला हात जोडले. मला ती आवडली होती. खोटं कशाला सांगू?

घर विकलं गेलं आणि दाराला कुलूप लागलं. राहायला कुणी आलंच नाही. एकदा दोघं झाडलोट करायला आली होती, तेव्हा पौर्णिमेने विचारलं, "मंग कवा यायचं आपण?"

"हद्द त पक्की होऊ दे," गजेंद्र म्हणाला. "गल्ली बाहेर गेली त विकून टाकू. सामान काहून हलवायचं?"

म्हणजे त्यांना घर नकोच होतं, नुसता पत्ता हवा होता. दलालाकडे किल्ली होती. त्याची माणसं दुपारी माझ्या कट्ट्यावर पत्ते कुटायची, विड्या ओढायची, माझ्यावर गुटखा थुंकायची आणि थोटकं माझ्या कोनाड्यात विझवायची. उन्हाळ्यात माझी माती भेगाळली. तुळस आधी पिवळी पडली, मग काळी. मी पाहत होतं. मला हात नाहीत, मित्रांनो.

खुशीचा अर्ज याच पत्त्यावरून गेला. मग शाळेने कळवलं, की अर्ज केलेली लेकरं खरंच इथे राहतात का, हे घरोघर पाहायला शिक्षिका येणार. रविवारी सकाळी तिघंही टेम्पोत सामान टाकून आली. गजेंद्रने चार रिकामे डबे स्वयंपाकघरात मांडले. लालबर्र्याहून धुऊन आणलेले ओले कपडे दोरीवर टाकले. मग त्याने माझ्यातली वाळकी तुळस उपटली आणि नाल्यात भिरकावली. त्या तुळशीला रुख्माबाई नमस्कार केल्याशिवाय बोटही लावत नसत! तिच्या जागी रोपवाटिकेतलं रोप त्याने काळ्या प्लास्टिकच्या पन्नीसकट माझ्यात खुपसलं.

"पन्नी त काढा," पौर्णिमा म्हणाली.

"उद्या परत न्यायचं आहे. राहू दे."

मला शिसारी आली. प्लास्टिक पोटात घालून मला सजवलं होतं. पण याहून वाईट पुढेच होतं.

"खुशी, मॅडमनं इचारलं त, कुठी राह्यते?"

"इथीच."

"कवापासून?"

"जनमापासून!"

"जनमापासून नाही वो! दिवाळीपासून म्हन. दिवाळी!"

माझ्यासमोर बसवून, माझ्याकडे तोंड करून, त्या लेकराकडून बापाने तो धडा घोटून घेतला. जिथे लेकरं शुभंकरोती म्हणत, तिथे.

शाळेच्या रचना मॅडम फाटकाशी दिसल्या तशी पौर्णिमेने घाईघाईने तांब्या उचलला आणि माझ्यावर पाणी ओतलं. मॅडमनी चपला बाहेर काढल्या. कपडे पाहिले, डबे पाहिले, मग माझ्यापाशी आल्या.

"रोज पाणी घालता, ताई?"

"हौ मॅडम. एक बी दिवस खाडा नाही होत."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आज रविवार आहे. रविवारी तुळशीचा उपास असते. या गल्लीत आज कोनीच पानी नाही घालत."

रुख्माबाईंनी इतक्या वर्षांत रविवारी मला कधी पाणी घातलं नव्हतं. पौर्णिमेचा चेहरा उतरला.

"आमच्याकडं चालते," गजेंद्र मध्येच म्हणाला.

"चालत असंन," म्हणत मॅडमनी रोपाच्या बुडाला हात लावला. ते पन्नीसकट वर आलं. पन्नीतून चिखलाचं पाणी टपटप गळू लागलं.  मॅडम खुशीपाशी खाली वाकल्या. "बेटा, तू कुठं राह्यते?"

खुशीने हात जोडले आणि ती पापणीही न हलवता म्हणाली, "इथीच. दिवाळीपासून."

पिंक धुता येते, मित्रांनो. थोटकं वेचता येतात. पण त्या कोवळ्या तोंडातून ते खोटं इतकं स्वच्छ, न अडखळता बाहेर पडलं, की मला माझ्याच मातीची किळस आली.

मॅडमनी हातातल्या यादीतलं तिचं नाव कापलं.

"सगळेच करून राह्यले मॅडम," गजेंद्र चिडला. "आमचीच पोरगी काहून?"

"सकाळपासून सगळ्यांच्याच घरून येऊन राह्यली मी, भाऊ," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता वीट होता. त्या निघून गेल्या.

पौर्णिमा माझ्या कट्ट्यावर बसली. "मी म्हणत होती, राह्यालेच येऊ. खरंच राह्यलो असतो त काय झालं असतं?"

"अन् हद्द सरकून गल्ली बाहेर गेली असती त?"

डबे टेम्पोत गेले, ओले कपडे ओलेच गेले. फाटकाला कुलूप लागताना खुशीने बापाचा शर्ट ओढला. "पप्पा, आता कोनी इचारलं त लालबर्रा सांगू? चालते?"

बापाने कुलूप ओढून पाहिलं. आईने तिला हात धरून टेम्पोकडे नेलं.

मित्रांनो, हद्दीचा निकाल अजून लागलेला नाही. शालिकराम नवी गिऱ्हाइकं आणतो आहे. मला धुवा, जमलं तर एक खरं रोप लावा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण त्याआधी एक काम करा. त्या लेकराला तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. कधी लालबर्र्याकडे गेलात आणि ती भेटली, तर तिला जवळ घेऊन सांगा: हो गं बाई, लालबर्राच सांग. चालतं.