खालच्या सप्तकाची खुर्ची

आमच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर असतात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. खिडकीकडे तोंड असलेली बाबांची, खिडकीकडे पाठ असलेली माझी. पंधरा वर्षं मी त्या खुर्चीत बसतेय, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळतं. पोस्टमन आला की त्यांची डावी भुवई वर जाते. फादर आले की दोन्ही.

आयर्लंडमधल्या डोनेगॉलच्या आमच्या टोकाला दोन फिडलवाले एकच धून एकदम वाजवतात, एक वरच्या सप्तकात आणि एक खालच्या. वरचा सूर मुरडतो, नटवतो, लोक त्याच्याकडे बघतात. खालचा नुसता टेकू देतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझे बाबा मॅनस वरचे. त्यांचे भाऊ, आमचे कॉनलकाका, खालचे. या जोडीला आसपासच्या चार खोऱ्यांतून बोलावणी यायची. काका गेले आणि त्यांची खुर्ची माझ्या वाट्याला आली.

तेव्हा मी डब्लिनच्या संगीत कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. एकोणीस वर्षांची. फिडल आणि व्हायोलिन हे एकच वाद्य आहे, असं मी आजवर लोकांना निदान पाचशे वेळा सांगितलं असेल, पण माझं मलाच ते कधी पटलं नाही. कॉलेजात पहिल्या दिवसापासून माझ्या मनगटावर काम चाललं होतं. बाबांनी शिकवलेलं सगळं एकेक करून काढून टाकायचं आणि त्या जागी नीट काहीतरी बसवायचं. वाजवताना माझा डावा पाय आपोआप ठेका धरायचा, तर प्राध्यापकीणबाईंनी तो पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवायला लावला होता. तिथं मी ‘खेडवळ फिडलवाली’ होते आणि गावी आले की ‘कॉलेजवाली’. दोन्हीकडे हसून घ्यायचे माझ्यावर. पण मी चांगली होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. उन्हाळ्यात बुडापेस्टला एका मोठ्या गुरूंकडे जायचं पक्कं झालं होतं.

कॉनलकाका नोव्हेंबरात गेले. अंत्यविधी आटोपून मी डब्लिनला परतले आणि दर रविवारी फोन करायला लागले. बाबांचं उत्तर ठरलेलं: “चाललंय.” खरी बातमी कळायची ती शेजारच्या बेलाकडून. बेला मॅकगिन्ली आमच्या घरात वाऱ्यासारखी शिरते आणि कुणाचंही काहीही पोटात ठेवत नाही. ती म्हणायची, “तुझ्या बापानं फिडलच्या पेटीला हात लावलेला नाही बघ. पलंगाखाली सरकवलीय ती सरकवलीय. असा माणूस आता बघायला मिळत नाही हो.” मार्चमध्ये तेच, जूनमध्ये तेच. जून संपायच्या आत मी बुडापेस्टला ‘येत नाही’ असं कळवून टाकलं. बाप पलंगावर पडून छताकडे बघतोय आणि पोरगी परदेशात मनगट सुधारतेय, हे चित्र मला झोपू देईना.

काकांना जाऊन वर्ष उलटल्यावर, नाताळाला, घरी आले. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी कुणाला न विचारता काकांच्या खुर्चीत बसले आणि त्यांचा एक जुना रील, म्हणजे नाचाची जलद धून, खालच्या सप्तकात सुरू केला. नुसता टेकू, त्यावर काहीच नाही. दोन फेऱ्या झाल्या. मग बाबा आतून आले, हातात फिडल. बसले आणि वरचं वाजवायला लागले. मी रडत होते आणि वाजवत होते. बापाला मी परत आणलं, असं मला वाटलं. जानेवारीत मी कॉलेजला परत गेलेच नाही.

त्याला पंधरा वर्षं झाली. मी तालुक्याच्या गावी मुलांना व्हायोलिन शिकवते. डेरी शहरातल्या ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं तर मला बोलावतात. रोज संध्याकाळी सहाला मात्र मी खुर्चीत असते, कारण बाबा वाट बघत असतात. रोज सहाला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा तो मुलगा म्हणाला होता, “रविवारी तरी सोडतील का तुला?” तो आता कॅनडात आहे. मी बाबांवर कधी चिडले नाही असं कुणी समजू नये. भांडी घासताना मी त्यांच्यावर जितकी चिडले आहे तितकी दुसऱ्या कुठल्या माणसावर चिडले नाही. पण सहा वाजले की बसायचे.

गेल्या महिन्यात मी जर्मनीला जाऊन आले. शाळेला सांगितलं दाताचं काम आहे, बाबांना सांगितलं शाळेचं काम आहे. तिथल्या ऑर्केस्ट्रात एक जागा होती. परीक्षा पडद्याआड, वाजवणारा परीक्षकांना दिसू नये म्हणून, आणि शेवटी व्हायोलिनच्या गटप्रमुखाबरोबर जोडीनं वाजवायचं. वाजवून झाल्यावर तो गटप्रमुख म्हणाला, “समोरचा काय करणार हे तुम्हाला त्याच्या आधी कळतं. हे कुठे शिकलात?” मी म्हटलं, घरी. मंगळवारी त्यांची मेल आली. दोन वर्षांचा करार, जानेवारीपासून. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

तर रविवार उजाडला आणि माझ्या तोंडून अजून शब्द फुटला नव्हता. चर्चमधून आलो. पाठोपाठ बेला ॲपल टार्टची थाळी घेऊन हजर. बाबा कोट काढायला आत गेले तसं तिनं मला कोपऱ्यात गाठलं. तिला मीच सांगून बसले होते, शुक्रवारी, दुकानात, दुधाच्या रांगेत. अशी मी शहाणी.

“सांगितलंस?”

“नाही.”

“मग मी सांगू?”

“बेला, तू तोंड उघडलंस तर ही थाळी तुझ्या डोक्यावर उपडी करीन.”

“मग खाशील काय?” ती म्हणाली आणि सुरी शोधायला लागली.

बाबा आले, बसले, चहा ओतला. टार्टचा मोठा तुकडा घेतला आणि सहज म्हणाले, “ग्लेन्टीज गावच्या लोकांचा फोन होता. मे महिन्यात सांगीतिक सप्ताह आहे त्यांचा. आपल्या दोघांना बोलावलंय, तीन दिवस. मी हो म्हणून टाकलं.”

बेलानं माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. मे, मग पुढचा मे, मग त्याच्या पुढचा. खिडकीकडे पाठ करून मी म्हातारी होणार, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

“मला नाही जमणार,” मी म्हणाले. “मी जानेवारीत जर्मनीला चाललेय. ऑर्केस्ट्रात जागा मिळालीय. दोन वर्षांसाठी. म्हणजे, अजून हो म्हटलेलं नाही. आज कळवायचंय.”

“मी निघते,” बेला म्हणाली, “कोंबड्या बाहेर आहेत.” आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसली.

बाबांनी तुकडा संपवला. हातावरचे कण झटकले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मी ओरडायची सगळी तयारी करून बसले होते.

“तिथं कुठं बसवणार तुला?”

“दुसऱ्या व्हायोलिनांत.”

“म्हणजे खालचंच.”

“बहुतेक वेळा खालचंच.”

“हं,” ते म्हणाले. “मग तुला काही नवीन नाही. जा की. विचारतेस कशाला?”

मला राग आला. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं चहाच्या घोटाबरोबर आलं याचा राग आला.

“जा की काय बाबा? मी गेल्यावर तुमचं काय होणार? परत ती पेटी पलंगाखाली जाणार. कॉनलकाका गेल्यावर तुम्ही वर्षभर फिडलला हात लावला नव्हता. मी येऊन बसले नसते तर आजही लावला नसता. मला माहीत नाही का ते?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग बेलाकडे वळले. बेलाही तशीच बघत होती.

“अगं पोरी,” बाबा म्हणाले, “ते दुखवट्याचं वर्ष होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? घरातलं माणूस गेलं की वर्षभर घरात वाजवायचं नाही. माझ्या बापाच्या वेळी आम्ही पाळलं. तुझी आई गेली तेव्हाही पाळलं, तू तीन वर्षांची होतीस, तुला काय आठवणार. आता कुणी पाळत नाही. आता तर मयताच्या उशाशीच वाजवतात. पण भाऊ होता माझा. मी पाळलं.”

“मी तुला फोनवर सांगत नव्हते का?” बेला म्हणाली. “किती कौतुकानं सांगत होते. सगळ्या गावात एकटा मॅनस तेवढा रीत धरून आहे म्हणून.”

मी बोटांवर महिने मोजायला लागले.

“वर्ष नोव्हेंबरातच संपलं होतं,” बाबा म्हणाले. “नाताळाला वाजवायचं ठरवलंच होतं मी. पेटी उघडून तार बदलत होतो आत, तेवढ्यात तू सुरू केलंस. म्हटलं, वा, पोरीनं बरोबर वेळ साधली.”

“आणि मी कॉलेज सोडलं तेव्हा? तेव्हा का नाही बोललात?”

“मला वाटलं, तुला डब्लिन मानवलं नाही. बुडापेस्टचंही तूच मोडलंस. पोर हरून घरी आलीय, तिला विचारून आणखी कशाला रडवायचं? तुला वाजवायला कुणीतरी हवं म्हणून मी रोज सहाला बसत गेलो.” त्यांनी कंबरेवर हात ठेवला. “रोज. कंबर दुखायची माझी. मला रविवार पुरला असता.”

बेलाला हसू आलं, तिनं ते टार्टमध्ये दडपलं. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. रडणारे नाहीत ते. “पंधरा वर्षं,” ते म्हणाले. “फिडेल्मा, एकदा विचारायचं तरी.”

“तुम्ही विचारायचं.”

“हो,” ते म्हणाले. “मी विचारायचं.”

बेला खरंच उठली, कोंबड्यांचं नाव न घेता, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मी कपबशा गोळा केल्या. बाबांनी फिडल काढली, सुरात लावली. सवयीनं मी माझ्या पेटीकडे वळले.

“तू राहू दे,” ते म्हणाले. “हे एकट्याचं आहे.”

त्यांनी एक जुनी संथ धून सुरू केली, गाण्याची, जिला ठेका नसतो. अशी धून जोडीनं वाजत नाही. वाजवणारा जिथं थांबेल तिथं ती थांबते आणि त्याला वाटेल तेव्हा पुढे जाते, त्यामुळे दुसऱ्याला तिथं काही कामच नसतं. मी लहान असताना काका पाइप ओढत बसायचे आणि बाबा अशा धुनी वाजवायचे, तासन्‌तास. मी खुर्चीत बसल्यापासून त्यांनी एकही वाजवली नव्हती. मी नुसती बसून राहीन म्हणून वाजवली नसणार. मी शिकवलेल्या, ऐकलेल्या, पडद्याआड माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या माणसांपैकी कुणाचा गज असा चालत नाही. आणि हे मी दाराशी ओला कप हातात घेऊन ऐकत होते, त्यांची मुलगी म्हणून नव्हे, तर ज्याला कुणी बोलावलेलं नाही अशा श्रोत्यासारखं.

स्वयंपाकघरात फोनला रेंज येत नाही. मी अंगणात फाटकापाशी गेले. ‘जागा स्वीकारत आहे’ असं लिहिलं, दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं. इतकंच होतं ते. यासाठी मी पंधरा वर्षं भांडी आपटली होती.

फाटकापासून आमची खिडकी समोर दिसते. बाबांचं तोंड माझ्याच दिशेला होतं. मी हात वर केला, झालं म्हणून सांगायला. त्यांनी पाहिलं नाही. डोळे मिटून वाजवत होते, मान एका बाजूला टाकून, आणि चेहऱ्यावर इतका आराम होता की मी तो कधी पाहिलेला नव्हता. मी तिथं उभी राहिले. पाऊस भुरभुरायला लागला तरी राहिले. त्यांनी थांबावं असं मला वाटत होतं. निदान माझ्यावाचून एकदा तरी चुकावं.