स्टुलावरून पडलेले बाराजण

हेमा लवाटे यांनी ज्ञानसंकल्प विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सव्वीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात एकाही विद्यार्थ्याची त्यांच्या खिडकीशी येऊन तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची छाती झाली नाही. म्हणूनच असेल, पण मूल्यांकन समिती येणार आणि 'आरोग्य व सुरक्षा कक्ष' कागदावर नव्हे तर खरोखर दिसला पाहिजे, असं ठरल्यावर कुलसचिव दिगंबर सरांनी तो कक्ष हेमाताईंच्या गळ्यात घातला. कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक पत्र्याची पेटी आणि सर्जेराव नावाचे शिपाई.

सर्जेराव हडपसरचे. त्यांच्या शेताच्या जागी आता सात मजली इमारती उभ्या होत्या, त्यातले दोन फ्लॅट त्यांचेच होते. नोकरी ते सवयीने करत, आणि त्यामुळेच बहुधा कुणाला घाबरत नसत.

पहिल्याच दिवशी हेमाताईंनी अपघातांची नोंदवही उघडली. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं. पुढची सगळी पानं कोरी. दर वर्षीच्या अहवालात 'अपघात : शून्य' असं ठळक अक्षरांत छापलेलं.

"चार हजार माणसं, प्रयोगशाळा, वर्कशॉप, आणि नऊ वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही," त्या म्हणाल्या. "रबराची आहेत का सगळी?"

"खरचटतंय की. पर लिवतंय कोण," सर्जेराव म्हणाले.

हेमाताईंनी त्याच दिवशी, सोमवारी, सगळ्या विभागांना पत्र धाडलं. अपघात झाला किंवा होता होता राहिला, तर पाहणाऱ्याने फॉर्म भरून पेटीत टाकावा. नाव घालणं सक्तीचं नाही. मग दारावर कक्षाची पाटी लावायला त्या स्वतः स्टुलावर चढल्या. सर्जेराव खिळे आणायला गेले होते, आणि थांबणं हेमाताईंच्या स्वभावात नव्हतं. स्टूल एका बाजूला कललं, पाटी दुसऱ्या बाजूला गेली आणि हेमाताई मधल्या मधे फरशीवर आल्या.

सर्जेराव खिळे घेऊन दारात उभे होते.

"काही झालेलं नाही," हेमाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"बरं," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी हात दिला.

दुपारपर्यंत घोटा सुजून टम्म झाला. विचारणाऱ्यांना त्यांनी घरी पायरी चुकली असं सांगितलं. घरी यजमानांना, श्यामरावांना, ऑफिसात पायरी चुकली असं सांगितलं. सुरक्षा कक्षाची प्रमुख पहिल्याच दिवशी सुरक्षा कक्षाच्या दारात पडली, ही बातमी कँटीनमध्ये किती दिवस पुरली असती याचा त्यांना नेमका अंदाज होता.

गुरुवारी पेटीत पहिला फॉर्म निघाला. अक्षर गोल, ठसठशीत. 'अपघात कोणाला झाला : सुरक्षावाल्या म्याडम. ठिकाण : सुरक्षा कक्षाचे दार. कारण : स्टूल. साक्षीदार : मी.'

"सर्जेराव, माझीच तक्रार केलीत?"

"तक्रार न्हाय म्याडम, नोंद. तुमीच लिवलंय, पाहिलं की भरा. म्या पाहिलं, भरलं."

"आधी विचारायचंत तरी."

"इचारलं असतं तर तुमी नगं म्हनला असता."

हेमाताईंनी फॉर्म पुन्हा वाचला. 'चूक कोणाची?' हा रकाना तेवढा रिकामा होता.

"हे का सोडलंत?"

"काय लिवनार? तुमची लिवली तर तुमाला राग. स्टुलाची लिवली तर स्टोअरवाल्याला राग. मान्सं फारम हितवर भरत्यात आन फाडून टाकत्यात."

सोमवारपासून आपण स्वतः घोट्याबद्दल काय सांगत फिरत होतो, ते हेमाताईंना लख्ख दिसलं. त्यांनी लाल पेनाने 'चूक कोणाची?' खोडलं आणि वर लिहिलं, 'पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?' मग नोंदवहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर क्रमांक एक म्हणून स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि लंगडत चौकशीला निघाल्या.

स्टोअर सांभाळणारा साईनाथ म्हणाला, "स्टुलात काही दोष नाही मॅडम. लोकच जड झालेत."

"हे आमच्याकडे कुठून आलं?"

ते ग्रंथालयातून आलं होतं. ग्रंथालयातल्या अपूर्वाने आधी कानावर हात ठेवले; मग हेमाताईंनी पायाचं बँडेज दाखवल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "गेल्या दिवाळीत मीपण पडले. वरच्या कप्प्यातले कोश घेऊन. कुणाला सांगायचं?" ग्रंथालयाआधी स्टूल लेखा विभागात होतं, तिथे दोघं पडले होते. त्याआधी भौतिकशास्त्रात, तिथे चौघं, त्यातले एक विभागप्रमुख. जो तो पडला होता, आखूड पायाखाली कागदाची घडी सारून ते पुढच्या विभागाला देऊन मोकळा झाला होता. संध्याकाळपर्यंत यादी दहावर गेली. हेमाताई परत साईनाथसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्या पाहत राहिल्या.

"दोनदा," साईनाथ शेवटी म्हणाला. "पण एकदाच धरा."

बारावं नाव सर्जेरावांचं निघालं. "तवा पेटी नव्हती," ते म्हणाले.

शनिवारी दिगंबर सरांनी बोलावून घेतलं. "ताई, नऊ वर्षं शून्य होतं. समिती महिन्याभरात येतेय, आणि तुम्ही एका आठवड्यात शून्याचे बारा केलेत."

"शून्य परत आणता येईल सर. ही दोन पानं आत्ता फाडते. फक्त आपल्या सांगण्यावरून फाडली, एवढं लिहून सही द्या."

सरांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "राहू द्यात," ते म्हणाले. त्याच दिवशी स्टूल भंगारात गेलं आणि स्टोअरला दोन शिड्या आल्या.

त्यानंतर पेटी भरायला लागली. कँटीनची मांजर पायात येते. एका प्राध्यापकांच्या तासाला झोप लागून विद्यार्थ्याचं डोकं बाकावर आपटलं. हेमाताई प्रत्येक फॉर्मवर शेरा मारत. मांजरीच्या फॉर्मवर 'समज दिली' असं होतं. सर्जेरावांनी ती खरोखरच दिली होती.

आणि एका दुपारी फॉर्म पेटीत न टाकता तनुजा नावाची मुलगी आत आली. रसायनशास्त्रात पीएचडी करत होती.

"मॅम, ॲक्च्युअली हा इन्सिडेंट आहे की नाही, मला माहीत नाही. तीन महिने रोज डोकं दुखतंय. आधी वाटलं स्ट्रेस असेल. पण रविवारी दुखत नाही."

हेमाताईंनी चष्मा काढून ठेवला. "काम कुठे करतेस?"

"फ्यूम हूडमध्ये." घातक वाफा वर ओढून छतावाटे बाहेर टाकणारं ते काचेचं कपाट. ते चालू असल्याचा दिवा रोज हिरवा असतो, असं ती म्हणाली.

प्रयोगशाळेत सर्जेरावांनी टिश्यू पेपरची एक पट्टी कपाटाच्या तोंडाशी धरली. ती आत ओढली जायला हवी होती. पट्टी सरळ खाली लोंबत राहिली, मग हळूच उलट त्यांच्याच छातीकडे आली. छतावर जाऊन पाहिलं तर पंख्याचा पट्टा तुटून पडलेला, आणि नळीच्या तोंडाशी पारव्यांनी काटक्यांचा ढीग रचलेला.

हेमाताईंनी तिथल्या तिथे प्रयोगशाळेला कुलूप घातलं. तनुजाच्या गाईड, डॉ. प्रियदर्शनी, तावातावाने खाली कक्षात आल्या.

"पेपर पाठवायची तारीख आहे माझी. कुणाला विचारून बंद केलंत?"

"पट्टीला विचारून," हेमाताई म्हणाल्या. "तुमचं डोकं दुखतं का हो?"

बाईंचा हात कपाळाकडे गेला. "मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला," त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या. "दोन वेळा तपासूनही आले." त्या खुर्चीवर बसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच फॉर्म मागून घेतला.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी तनुजा आली तेव्हा सर्जेरावांनी तिला आधी पट्टी धरायला लावली. पट्टी सर्रकन आत गेली आणि वरच्या जाळीला चिकटून फडफडत राहिली. तनुजा हसली, ॲप्रन चढवला आणि कामाला लागली. "आता हे दर सोमवारी करायचं," हेमाताई म्हणाल्या, आणि सर्जेरावांना घेऊन पुढच्या प्रयोगशाळेकडे निघाल्या. इमारतीत अशी आणखी अकरा कपाटं होती.