हातात असून न उठलेली छत्री

त्या दिवशी कोलकात्यात, डमडमच्या आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. पावसानं आदल्या दिवसापासून उसंत घेतली नव्हती. गल्लीतली झाडून सारी कुत्री पाण्याला कंटाळून आमच्या जिन्याखाली येऊन बसली होती.

मी श्यामरावांची छत्री बोलतेय. कापड काळं, मूठ वेताची, एक काडी जराशी वाकडी. श्यामराव गावचं घर बंद करून मुलाकडे राहायला आले. मुलगा प्रमोद, बदलीवर आलेला बँकेतला साहेब. त्यानं मला विकत आणून बापाच्या हातात दिलं. तेव्हापासून आम्ही दोघं बरोबरच.

श्यामराव शाळेत गेलेले नाहीत. बंगाली येत नाही, हिंदी मोडकीतोडकी. पण जेवायला बसताना पानातली एक पोळी बाजूला काढायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. गावी ती गाईला जायची. इथं गल्लीत गाय नाही, म्हणून कुत्र्यांना. रोज कोपऱ्यावर जाऊन घालायचे. त्या दिवशी पाण्यात कुठं जायचं, म्हणून जिन्याखालीच घातली.

सूनबाई सरोज वरून म्हणाली, "बाबा, दारात नका घालू. सोकावतील."

"एकच दिवस गं. भिजलीत बिचारी."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या सुनीतीदीदींचा भुलू बाहेर आला. दीदी शाळेत शिकवतात, एकट्याच राहतात. घरात जीव लावायला तेवढं एक चिमुकलं कुत्रं. पोळीच्या वासानं ते पुढं गेलं आणि सगळी त्याच्यावर तुटून पडली.

मी श्यामरावांच्या हातात होते. एक टोला पुरला असता. पण रोज ज्यांच्या तोंडात घास दिला, त्यांच्यावर त्यांचा हात उचलेना. ते नुसतं "अरे, अरे" करत राहिले. शेवटी दीदींनी धावत येऊन बादलीभर पाणी फेकलं, तेव्हा कुत्री पांगली. भुलूचा मागचा पाय फाटला होता.

दीदींनी आधी श्यामरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेपुढे मला मिटल्या मिटल्या आणखी मिटावंसं वाटलं.

श्यामरावांनी भुलूला आपल्या पंच्यात गुंडाळलं. दीदी पुढं, आम्ही मागं, पाण्यातून जनावरांच्या डॉक्टरकडे. मी सगळी त्या कुत्र्यावर धरलेली, म्हातारा चिंब. टाके पडले, पट्टी झाली. इंजेक्शनं कितीतरी दिवस घ्यायची होती, आणि बिल ऐकून दीदींचा चेहरा उतरला. पुढच्या खेपांना त्या एकट्याच जात राहिल्या.

श्यामरावांनी कानातली सोन्याची बाळी मोडली. प्रमोदनं विचारलं तर म्हणाले, "कान दुखत होता रे." पैसे सरोजच्या हाती दीदींकडे धाडले. ते तसेच परत आले.

"नकोत म्हणाल्या, बाबा."

म्हातारा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन निघाला आणि ते पैसे थेट डॉक्टरकडे ठेवून आला.

माणसाला लाज वाटली की तो आधी पावलांचा आवाज कमी करतो, हे मी तेव्हा शिकले. दीदींच्या दारावरून जाताना श्यामराव चपला हातात घ्यायचे आणि मला काखेत दाबायचे, कुठं आपटू नये म्हणून. आत लंगडा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला की तिथंच थबकायचे.

आता माझं कापड विरलंय. मला दुरुस्तीला टाका, नाहीतर टाकून द्या, माझी तक्रार नाही. एवढंच वाटत होतं, ज्या हातात मी आहे, त्या हाताला पुन्हा कुणीतरी विश्वासानं काही द्यावं.

काल जिना उतरताना दीदींचं दार उघडलं. चपला हातातच होत्या, म्हातारा चोरासारखा उभा. इकडे वडीलधाऱ्या माणसाला मेशोमशाय म्हणतात. तशीच त्यांनी हाक मारली.

"मेशोमशाय, डॉक्टरांनी सांगितलं मला पैशांचं. घालायच्या असतात त्या चपला, पायात घाला. उद्या टाके काढायचेत आणि मला शाळा आहे. भुलूला तुम्हीच न्या. पण वाटेत कुत्री आली, तर या वेळी छत्री हाणा."