बाटली अकरा, बाटली बारा

१९७४ साली मी सांगलीच्या एका इस्पितळात संधिवातावर संशोधन करत होते. तीस रुग्ण, सहा आठवडे. पंधरा जणांच्या बाटलीत नवं औषध, पंधरा जणांच्या बाटलीत नुसत्या भुकटीच्या, औषध नसलेल्या गोळ्या. गोळ्या दिसायला सारख्या. दुखण्यावरची नेहमीची गोळी सगळ्यांनाच चालू होती. कुठल्या नंबरात काय आहे, ती यादी कंपाउंडर यल्लाप्पाच्या कपाटात. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "तीसचे एकोणतीस झाले तरी प्रबंध नाही. वर्षभर पुन्हा पहिल्यापासून."

अकरा आणि बारा नंबरच्या बाटल्या औंधजवळच्या एका घरातल्या दोन जावांकडे गेल्या. थोरली राहीबाई, धाकटी बनुबाई. दोघींची बोटं सुजलेली. मी आजार समजावून सांगितला: शरीराचे राखणदारच आपल्या सांध्यांवर उलटतात.

"म्हंजी अंगातबी जावाजावा हायत म्हणा," बनुबाई म्हणाली.

गोळ्यांचंही खरं तेच सांगितलं. सासू धोंडुबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"कुनाच्यात औषिद हाय आन् कुनाच्यात न्हाई, तुमास्नीच ठावं न्हाई?"

"नाही."

"आन् तुमी डाक्टरीण?"

सूज मोजायला मी सराफाकडच्या मापाच्या अंगठ्या वापरायचे. दोन आठवड्यांनी राहीबाईच्या बोटात एक नंबर लहान अंगठी गेली. बनुबाईची होती तीच. तिनं माझ्यापुढे चहाची बशी जरा आपटून ठेवली.

चौथ्या आठवड्यात दोघींनाही लहान अंगठी बसली. मी खुशीत उरलेल्या गोळ्या मोजायला बाटल्या मागितल्या. दोन्ही रिकाम्या.

"गोळ्या कुठं गेल्या?"

"डब्यात," म्हणत धोंडुबाईंनी पितळेचा डबा पुढं केला. दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या त्यात एकत्र होत्या. "आवं बाई, तुमी गेलासा आन् घरात भांडान लागलं. थोरलीला गुण आला, धाकटीला न्हाई. धाकटी दोन दिस जेवली न्हाई. म्या म्हनलं, ह्या घरात लोणी वाटून खात्यात, औषिदबी वाटून खायाचं. आता म्याच माझ्या हातानं दोघींस्नी देती."

"पण आपापल्या बाटलीतलीच घ्यायची, असं मी सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं की. पर ठावं तर तुमास्नीबी न्हवतं."

"आन् गुण आला न्हवं?" राहीबाई म्हणाली.

परतीच्या एस.टी.त वही मांडीवर घेऊन बसले. दोन नावं खोडली की अठ्ठावीस. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. डबा औंधला, सर सांगलीला. वाटेतलं विटा गाव येईपर्यंत गप्प बसण्याच्या बाजूनं मला बरीच चांगली कारणं सुचली. विट्याला चहा घेतला आणि लिहिलं: 'अकरा व बारा: गोळ्या एकत्र. वाटप सासूच्या हस्ते.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "गेलं एक वर्ष," ते म्हणाले.

यल्लाप्पा दारात बाटल्या पुसत होता. "सर, यादीतलं एक सांगू काय?"

"एक अक्षर नाही!"

"आत काय हाय ते न्हाई सांगत. पण अकरा आन् बारा मिसळलं तर बिघडत न्हाई."

सर थांबले. दोन्हींत एकच असेल, तर मिसळून काहीच बदललं नव्हतं. तीसचे तीस शाबूत होते. ते 'एकच' काय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

सहा आठवडे संपल्यावर यादी उघडली. औषध भुकटीपेक्षा सरस ठरलं, थोडंसंच. अकरा: भुकटी. बारा: भुकटी.

ठरल्याप्रमाणे भुकटीवाल्या रुग्णांना आता खरं औषध द्यायचं होतं. औंधला जाऊन मी सगळं सांगितलं आणि नव्या बाटल्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. बनुबाईला आणखी लहान अंगठी बसली. राहीबाई पोट धरून बसली होती.

"ही गोळी नगं मला. पोटात आग पडती. ती आदीचीच द्या."

"अहो, तिच्यात काही नव्हतं!"

"म्हनूनच तर तरास झाला न्हाई," राहीबाई म्हणाली.

शास्त्रीयदृष्ट्या मला त्यात चूक काढता आली नाही.